अडतीस नंबरचा गळा

दसरा होऊन आठ दिवस झाले,
उन्हाला अजून कुणी सांगितलं नाही.
सकाळी दुधनेच्या अंगानं धुकं येतं, शाल मागतं,
अन् दुपारी बाराला मशीनचं चाक
हाताला चटका देतं.

सेलूच्या मोंढ्यामागं माझं दुकान.
दहा बाय आठ. पिको, फॉल, अस्तराचे ब्लाउज.
समोरून सोयाबीनचे टेम्पो जातात,
भुसा उडतो, नव्या कापडावर बसतो,
मी झटकते, तो पुन्हा बसतो.
दिवाळीपर्यंत आमचं हेच चालायचं.

कागदी कटिंग मी रद्दीवर काढते.
त्यामुळं जगाची खबर मला
तुकड्यानंच कळते, अन् तीबी शिळी.
उजव्या बाहीवर मागच्या सालचा पाऊस,
पाठीवर कुण्या पुढाऱ्याचा सत्कार,
हार आहे, मुंडकं नाही.
कटोरीवर एक म्हैस,
मानवत रोडच्या फलाटावर बसली
अन् चाळीस मिनिटं उठलीच नाही.
तिला कुणी उठवलं, कसं उठवलं,
ते दुसऱ्या कटोरीत असंल.
ती बिस्मिल्लाबीच्या सुनेच्या मापात गेली.

परवा केवळबाईच्या पोरीचा गळा कापला.
अडतीस नंबर. पुढून बोटनेक, मागून खोल.
कात्री ठेवली अन् उरलेल्या कागदावर वाचलं:
देवीच्या मंडळाचा चोरीस गेलेला स्पीकर
चोरट्याने तिसऱ्या रात्री परत आणून ठेवला.
सोबत चिठ्ठी होती. चिठ्ठीत लिहिले होते की

की.
तिथंच माझी कात्री वळली होती.

केर उपसला. हुकं निघाली, चिंध्या निघाल्या,
कोड्यातले आडवे शब्द निघाले,
एक सीताफळाची बी निघाली.
गळा नाही.
शिकाऊ निकिता म्हणली,
काकू, त्या कागदानं तर मी मशीनचं तेल पुसलं,
अन् चहाच्या वक्ताला चुलीत घातला.

चहा चांगला झाला होता, हे खरं.

मग दिवसभर गिऱ्हाइकाला तेच विचारलं.
निकिता म्हणे, चिठ्ठीत असंल,
पिन बसत नाही, वायरबी द्या.
बिस्मिल्लाबी म्हणली,
त्याच्या घरी लेकरू तान्हं असंल, झोपत नसंल,
लिहिलं असंल, वाजवा, पण हळू.
केवळबाई म्हणली, चोराला बायको असती की नाही?
तिनंच लिहिलं असंल. पुढं बोलली नाही.
टेम्पोवाला पायली-पायलीनं हसला,
बास फाटलाय म्हणला, दुसरं काय.

रात्री ह्यांना सांगितलं.
हे आता जिनिंगच्या गेटवर बसतात,
पयले टुरिंग टॉकीजमध्ये पडदा बांधायचे,
जत्रेत, उरसात, जिंतूरपासून पाथरीपर्यंत.
कापसाचे तंतू मिशीतून काढत म्हणले,
शेवटची रीळ कैकदा यायचीच नाही, परभणीत अडकायची.
पब्लिक बोंबलायची, शिट्ट्या, ढेकळं.
मालक म्हणायचा, उद्या या.
उद्या कोण येतंय? कापूस वेचायला जायचं असायचं.
मग चालता चालताच
अर्धे जण हिरोचं लग्न लावून घरी जायचे,
अर्धे त्याला मारून.
सकाळी पाणवठ्यावर ह्याच्यावरून भांडणं.

मी विचारलं, अन् तुम्ही?
हे म्हणले, मी पडदा सोडायलो ना, मला कुठं वेळ.

आज केवळबाईची पोरगी ब्लाउज घालून बघायला आली.
आरशात उलटी झाली, मान वळवून वळवून पाठ बघितली.
अंगाला बरोबर बसलाय, बाहीला एक टीप द्यायची, बस.
म्हणली, मावशी, गळा जरा जास्तच खोल गेला का?

म्हणलं, तिथं एक चिठ्ठी होती.

तिला काय कळणार.
मी वरचा हूक लावून दिला.
बाहेरून टेम्पो गेला, भुसा उडाला,
वर देवीचं गाणं,
बास फाटलेला.