काळी म्हैस, पांढरं दूध

मीटर ठेव पिशवीत, चौगले मास्तर म्हणायचे
आणि पहाटे पाचला मला उभं करायचे
गंगावेशीत, दूधकट्ट्यावर.
समोर म्हैस, काळीकुळकुळीत, नुकती धुतलेली.
खाली चरवीत फेस.
"पाठीवरचा केस न् केस दिसला पायजे
आणि दूध जळता कामा नये.
ह्या दोन्हीच्या मधी सगळं कोल्हापूर हाय, लेका."

वर्षभर एक फोटो धड आला नाही.
कधी म्हशीच्या जागी नुसता डोंगर,
कधी दुधाच्या जागी कागदाला भोक.

पुढं पुण्याला शिकायला गेलो.
उजेड मोजायला तिथं
राखाडी पुठ्ठा दिला हातात.
मी त्याला शिंगं शोधत बसलो.

पुराच्या साली पाणी स्टुडिओत नऊ दिवस राहिलं.
पडद्यावरचा ताजमहाल कमरेपर्यंत गाळात,
निगेटिव्ह एकमेकींना चिकटलेल्या.
मास्तरांच्या लेन्सला आतून बुरशी धरली,
बारीक, मुळांसारखी.
साफ करायला दिली नाही मी.
आता फोटोचा डावा कोपरा
कायम थोडा धुरकट येतो.
गिऱ्हाईक म्हणतं, गुऱ्हाळाची वाफ काय झ्याक धरलीय!
मी म्हणतो, हो.
लग्नाच्या फोटोतसुद्धा.

मास्तर गेले तेव्हा
शेवटचा फोटो मलाच काढायला लावला घरच्यांनी.
अंगणात, तिरडी उचलायच्या आधी.
उन्हानं रापलेलं कपाळ,
खाली पांढरीशुभ्र मिशी.
कुणीतरी म्हणालं, आवरा.

मीटर पिशवीतच होता.
मिशीचा केस न् केस आला.