टाकी नंबर सात

नागपूरहून सत्तावीस बाटल्या परत आल्या.
ऐन मे महिन्यात ट्रक दोन दिवस उभा होता
वर्ध्याच्या अलीकडे, ताडपत्रीखाली,
आणि पांढऱ्या वाइननं आतल्या आत
ढग धरला होता.
विष नव्हतं, बुरशी नव्हती.
द्राक्षाचंच प्रथिन ते,
उष्म्यानं उलगडलं, एकमेकांत गुंतलं, दिसायला लागलं.
आधीही होतंच की.

मालक म्हणाले, माती वाढवा.
माती म्हणजे आमची नेहमीची, पोत्यातली, राखाडी.
टाकीत सोडली की प्रथिन खाली ओढते,
ओढता ओढता पेरूचा वासही नेते,
शंभरातले चार लिटर गाळात नेते.
चोर सापडावा म्हणून
अख्खी आळी झोडपणारी माती.

तबस्सुम कोकणी तेव्हा नवी होती.
जुन्या नाशकातून पहाटेच्या बसनं
गिरणाऱ्याला यायची, डब्याच्या पिशवीत एक बरणी.
"गांगुर्डे, हात धुतलेत ना?"
आणि तळव्यावर ठेवली एक चकती,
कोरडी, कडेला वळलेली,
गच्चीवर वाळलेल्या साबुदाण्याच्या पापडासारखी.
"आता पाण्यात टाका. आणि डोकावू नका सारखे."

डोकावलोच.
संध्याकाळी बशीभर पसरलेलं काहीतरी,
थुलथुलीत, आरपार,
पाणीच, पण आकार धरून बसलेलं.
बोटानं दाबलं, दबलं.
बोट काढलं, पुन्हा आपल्या जागी.
बत्तीस वर्षं टाक्या धुतल्या मी,
असं आज्ञाधारक पाणी पाहिलं नव्हतं.

आत जाळं आहे, ती सांगायची,
धाग्याला धागा बांधलेला,
धाग्याधाग्यावर उणा भार.
आंबट वाइनमध्ये प्रथिनाच्या अंगावर अधिक.
मला कळेना, तेव्हा म्हणाली,
"आंबटात धरतो, खारटात सोडतो.
एवढं पाठ करा."

टाकी नंबर सातमधून पाच लिटर काढली.
चकत्या रात्रभर आत.
सकाळी तीच वाइन ऐंशी अंशांवर तापवली, गार केली,
बल्बसमोर धरली,
पलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं,
संकष्टीसकट.
वास घेतला. पेरू जागेवर.

मग चकत्या मिठाच्या पाण्यात.
आकसल्या, मुठीसारख्या,
आणि पाण्यावर फेस आला, बारीक.
म्हणजे सोडलं.

मी वहीत रेघा मारायचो. पाचवी धुलाई. अकरावी.
ती आलेख काढायची आणि ओठ चावायची.
धरलं शंभर, सुटलं त्र्याण्णव.
"थोडं आतच राहतंय."
कुठं?
"ते माहीत असतं तर काढलं नसतं का?"
मी म्हटलं, मीठ वाढवा.
"वाढवलं तर जाळंच आवळतं, गांगुर्डे.
जे आत आहे त्याला वाटच उरत नाही."
हे बोलून ती बराच वेळ
नळाखाली नुसतीच बरणी धुत राहिली.
तिच्या अब्बांना जाऊन तेव्हा
महिनाही झाला नव्हता.
मी काही विचारलं नाही. नळ बंद केला फक्त.

परवानगीचा कागद दिल्लीहून यायचा होता, आला नाही.
मालकांनी हिशेब मांडला, माती स्वस्त निघाली.
तबस्सुमला बडोद्याला नोकरी लागली.
जाताना एप्रन धुऊन, इस्त्री करून ठेवून गेली,
खिशात माझं पेन.

परवा, गारठ्यात, कपाट आवरताना
एक चकती सापडली, एकोणीस धुलायांची,
जराशी पिवळट.
बशीत ठेवली, पाणी ओतलं.
उशिरा फुगली, पण फुगली.
बल्बसमोर धरली तर मधोमध
नखाएवढा ढग.

सातमध्ये दुपारी माती टाकली. वीस किलो.
वहीत लिहिलं, सही केली.
बशी खिडकीत आहे.
पाणी उडतं, मी घालतो.