समासातले ठिपके

इफ्रेम प्रॉसरला मी तेरा उन्हाळे लिहिलं,
झेन्सव्हिलच्या मैदानावर, फळकुटांच्या स्टँडखाली,
मांडीवर वही, कानामागे पेन्सिल.
औषधाच्या दुकानातून दुपारी सुटायचो मी,
बोटांना कापराचा वास तसाच.

हिटला रकाना होता. धावेला होता.
चुकीलासुद्धा होता.
नुसत्या थांबण्याला नव्हता.

आणि इफ्रेम थांबायचा.
कणसाची साल जरा सोलून बघणाऱ्या बाईसारखा
एकेक चेंडू निरखायचा,
आणि जाऊ द्यायचा.
तेव्हा फुकटच्या बेसला नऊ वाईट चेंडू लागत.
नऊ!
तेवढ्या वेळात नदीपलीकडे
कुंभारांची एक भट्टी उतरवून व्हायची.
"मार की लेका! डोळा लागला का?"
लोक शेंगांची टरफलं फेकत.
पिचरच्या चौकोनात डिनी मॅकग्लिन तंबाखू थुंकायचा,
इफ्रेमच्या वेल्श आईचा उद्धार करायचा,
आणि पुढचा चेंडू थेट बरगडीत.

त्याचं सुरुवातीला काहीच मिळत नसे,
एक निळा डाग सोडून.
रात्री व्हिनेगरचं फडकं दाबत हॅना ते डाग मोजायची.
तिचा हिशेब पाठीवर,
माझा कागदावर:
तो पहिल्या बेसवर उभा राहिला की
समासात एक ठिपका, बारीक,
मालकाला दिसू नये असा.
मालक हिटचे पैसे देई.

नऊचे आठ झाले, आठाचे सात,
मग सहा, मग पुन्हा सात.
वरच्या साहेबांची लहर.
इफ्रेम दर वसंतात नवा आकडा विचारून घ्यायचा,
"बरं," म्हणायचा,
आणि तेवढं थांबायचा.

सत्त्याऐंशी साली फर्मान निघालं,
फुकटचा बेसही हिटच धरा.
एका उन्हाळ्यापुरता
त्याच्या नावावर वर्तमानपत्रातली पहिली ओळ.
न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत,
शेंगा फेकणाऱ्यांनी बिअर पाजली.
तो तसाच उभा राहत होता, जसा आधी राहायचा.
पुढच्या मार्चमध्ये फर्मान मागे.
न्हावी दहा सेंट घेऊ लागला.
मी विचारलं, "वाईट वाटलं?"
तो म्हणाला, "बेस तर तिथेच आहे ना?"

आता तो कौलांच्या कारखान्यात फाटकावर असतो.
गाड्या मोजतो. घाई करत नाही.

काल बर्फामुळे दुकानात कुणी फिरकलं नाही.
वह्या काढल्या. दिव्याची वात वर केली.
तीनदा मोजले ठिपके:
अकराशे सहा.
त्यातला एक, जुलैच्या पानावरचा,
बहुतेक माशीने केलेला.

तोही धरला.