विषय क्रमांक सात

भायखळ्याला, लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसच्या वर
आमचं कार्यालय: एक कपाट, चार खुर्च्या,
इतिवृत्तांच्या अकरा वह्या.
त्यातल्या नऊ माझ्या हस्ताक्षरात.
मी सुलक्षणा धैर्यवान, सहचिटणीस, मानद;
मानद म्हणजे चहाचे पैसेही आपलेच.

खालच्या खणात ब्रिजित तुस्कानोची पत्रं,
म्हणजे तिला आलेली. हार्लेमहून,
कुणी मिस व्हेर्मास, तिकडच्या सॉफ्टबॉलच्या चिटणीस.
दोघी कधी भेटल्या नाहीत.
पहिला प्रश्न नियमाचा:
हातात चेंडू नसताना कॅचरला होमची वाट अडवता येते का?
उत्तर यायला सात आठवडे लागले.
तोवर सामना, निकाल, भांडण, सगळं शिळं झालेलं.
ब्रिजितनं तरी दुसरा प्रश्न धाडला.

असा एक खंड हप्त्याहप्त्यानं या कपाटात आला.
त्रेपन्न साली पॅरिसला पाच देशांची माणसं
बेसबॉलसाठी एका टेबलाशी बसली.
पाच देश, आणि होमच्या फळीलाही कोन पाचच:
बाईंनी समासात काढून दाखवलीय,
लहान मुलानं काढलेलं घर, उलटं धरलेलं.
(आमच्याकडे दर हंगामात कुणीतरी तोच विनोद करतं,
होमात पाय घालू नका, भाजेल.)
नेत्तुनो नावाच्या गावात
सैनिकांची दफनभूमी उभारायला आलेल्यांनी
संध्याकाळी पोरांच्या हातात बॅट दिली.
यापुढे ब्रिजितची पेन्सिल:
खेळ कुठूनही येतो.

बायकांची संघटना वेगळी, नंतरची.
शिक्का वेगळा, खातं वेगळं.
‘आणि ते खातं,’ बाई लिहितात, ‘कधी उणे गेलं नाही.’

एकदा पार्सल आलं. बॅलार्ड पियरच्या कस्टम्सवाल्यानं लिहिलं,
चामड्याचा पंजा, डावा, वापरलेला, नग एक.
आणि मिशीत हसत विचारलं, कुठल्या पक्षाचा?
पंजा अजून चालतो.
तेल मी लावते, वापरते प्रणिता खळे,
अँटॉप हिलची, पंधरा वर्षांची, फटकळ.

शेवटचं पत्र अठरा सालचं.
ब्रिजित तोवर राहिली नव्हती; मीच फोडलं.
तिकडे दोन्ही संघटना एक झाल्या.
एक नाव, एक चिन्ह, एक अध्यक्ष.
योग्यच झालं, बाई म्हणतात,
ऑलिंपिकचं दार ठोठवायचं तर मूठ एकच हवी.
मग एक ओळ मोकळी.
मग: शिक्का मी घरी आणला. कुणी मागितला नाही.

विलीन.
आमच्याकडे हा शब्द ‘अनंतात’च्या मागून येतो,
फोटोखाली,
नाहीतर बँकेच्या बदललेल्या पाटीवर.
मी बाईंना अभिनंदन लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

परवा आमची सभा. विषय क्रमांक सात:
दोन्ही समित्यांची एक करावी.
सूचक श्री. गोवेकर, अनुमोदक श्री. दांडेकर.
गणपूर्ती झालेली, पंखा बंद,
खाली यंत्र खटाखट छापत होतं
आधी चि., मग चि. सौ. कां.
दांडेकर म्हणाले, मुलींचाच फायदा आहे यात,
मैदान मिळेल, बसभाडं मिळेल.
खोटं नव्हतं ते.
गेल्या वर्षी प्रणिता नागपूरला
जनरल डब्यात दाराशी बसून गेली होती.

हात वर झाले. मी मोजले. अकरा.
माझ्या हातात पेन होतं;
लिहिणाऱ्याचा हात कुणी मोजत नाही.
अध्यक्ष म्हणाले, घ्या लिहून, एकमताने.

वही अजून उघडी आहे.
‘एक’ लिहून झालंय.
त्यापुढे ‘मताने’ बसतं,
‘विरुद्ध’ही बसतं,
जागा दोन्हींना पुरेशी आहे.
आणि खालून प्रणिता ओरडतेय,
मॅडम, साडेचार वाजले,
पंजा द्या ना.
कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.