मधे काय केलं

बोरीहून कुशावर्ताबाई घनसावंत यांचा फोन,
गुरुवारी, दुपारी पावणेतीनला:
"तुमचं ॲप पैसे वाढवायलंय, दादा.
शंभर टाकले की दोनशे दिसायलेत.
बाया म्हणायल्यात, सचिवबाईच्या हातात जादू हाय,
अन् हसायल्यात.
मला ते हसणं बरं वाटंना."

मी परभणीत, स्टेशन रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत,
हेडफोनचा एक कान गेलेला.
मी शंभर टाकले. शंभरच दिसले.
पुन्हा टाकले. शंभर.
आता लिहायचं: पडताळणीत आढळलं नाही, तक्रार बंद.
आठवड्याला अशा चाळीस बंद करतो मी,
बहुतेक दोनच शब्दांच्या: चालत नाही.

पण त्या हसण्यापाशी बोट अडलं.

"बाई, काय बिघडलं ते राहू द्या.
तुम्ही काय काय केलं ते सांगा.
बैठकीचं इतिवृत्त लिहिता ना, तसं,
गाळायचं काही नाही."

तिनं घसा साफ केला. वहीतून वाचावं तसं:
समाजमंदिर. हजर अकरा.
ॲप उघडलं. द्वारकाचं नाव दाबलं. शंभर टाकले.
हिरवं बटण दाबलं. दोनशे झाले.

"बटण अन् दोनशे, याच्या मधे?"
"मधे काही नाही."
"काहीच नाही?"
"नाही हो. द्वारकाला दाखवलं फक्त."
"कसं दाखवलं?"
"कसं म्हंजे? तिला बारीक दिसत नाही.
फोन आडवा केला की आकडा मोठा होतो.
दाखवते मी एकेकीला. पैशाचं काम हाय."

मी शंभर टाकले. हिरवं बटण दाबलं.
समोर कोणी नव्हतं.
रिकाम्या खुर्चीला दाखवावा
तसा फोन आडवा केला.

दोनशे.

पुण्यातल्या पोरांनी सहा महिने तपासलं होतं हे,
एकेकट्यानं, फोन उभा धरून.
शंभर रुपये टाकून
ते कुणाला दाखवायची पाळी
आली नसेल त्यांच्यावर.

मी लिहायला घेतलं. फोन कोणता, अँड्रॉइड कितवं,
पायरी एक, दोन, तीन.
चार: रक्कम द्वारकाबाईंना दाखवा.
खोडलं. फोन आडवा करा, असं लिहिलं.
मग तेही पुरेना, म्हणून
द्वारकाबाईंना परत आणलं.

संध्याकाळी पुण्याहून विचारणा:
चौथी पायरी जरा नीट मांडता येईल का?
तोवर बोरीचाही फोन येऊन गेला होता:
"दुरुस्त होईस्तोवर उभा धरा म्हणालाव तुम्ही.
मग द्वारकाला दिसंल कसं?"