बोर्रिकची उधारी

बोर्रिका, तुझ्या खात्यावर आज एकशे बारा मग झाले.
भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत, येऊन मोजून घे.
देव असशील तुझ्या घरचा.
इथे स्कारहोल्मच्या धक्क्यावर
बार्लीला पैसे पडतात, सरपणाला पडतात,
आणि पिंपं बांधणारा हाल्वार
फुटक्या फळीचेसुद्धा आगाऊ मागतो.

देऊळ नको म्हणालास म्हणे तू.
घंटा नको, पुजारी नको,
फक्त जिथे माझं नाव घ्याल
तिथल्या दाराला कडी नको.
बोलायला काय जातं रे!
उत्तरेचा वारा रात्रभर आत येऊन बसतो
आणि थेंबभरही विकत घेत नाही.

माझा नवराही तुझाच भक्त.
पहिला घोट जमिनीवर, तुझ्या नावाने,
उरलेलं पिंप स्वतःच्या.
मग म्हणायचा, मी मोकळा माणूस आहे,
आणि त्याचा मोकळेपणा माझ्या पाठीवर उमटायचा
निळा, मग हिरवा, मग पिवळा.
तेव्हा तू कुठे होतास, विचारत नाही.
विचारून झालंय.

ज्या पहाटे मी केतिलचे बूट होडीत फेकले
आणि बुटांमागून झिंगलेला केतिल,
त्या पहाटे मी घोटही घेतला नव्हता.
हात लटपटत होते. गाठ सुटेना.
दातांनी सोडली.
तोंडात तागाची चव, मिठाची,
आणि का कोण जाणे, बार्लीची.
ती रेघ मी भिंतीवर ओढली नाही.

आता परवाचं ऐक.
हेरिंगचा हंगाम सरत आलेला,
मिठागरातून एक पोर धावत आली.
गळ्यात लोखंडी कडं, टाचा फुटलेल्या,
नाव विचारलं तर आधी नंबर सांगितला,
मग आठवून, स्वाला.
पाणी मागितलं. मी पाणी दिलं.
(रागावू नकोस, तुझ्या घरात तेही मिळतं.)
मागोमाग कुत्री. कुत्र्यांमागे मशाल,
मशालीमागे मुकादम.

आणि दाराला कडी नाही!
तुझ्या हट्टापायी.

सगळे आपापल्या मगात बघत बसले.
मगाच्या तळाशी काय असतं, मला विचार,
वीस वर्षं घासतेय.
काही नसतं.

मग हाल्वार उठला.
हाल्वार, जो बदकांना भितो,
बायकोची चाहूल लागली की पिंपात शिरतो,
तो उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला, नुसता.
विजार ओली झाली होती त्याची.
फरशी मी पुसली, म्हणून माहीत.
त्याच्या शेजारी जाळी विणणारी ग्रोआ,
मग आंधळा एस्बेन, हातात स्टूल,
तोंड चुकीच्या दिशेला.
कुणीतरी हळूच फिरवलं त्याला.

मुकादम हसला.
इकडून कुणी हसलं नाही.
कुत्री खाली बसली. त्यांना आधी कळतं.

‘उद्या येतो,’ म्हणाला, आणि आलाही,
माणसं घेऊन. एस्बेनचा हात मोडला त्यात.
तुझ्या नावाच्या गोष्टी सांगणारे
हे सांगत नाहीत.
पण स्वाला तोवर भरतीबरोबर निघून गेली होती.

तिचं कडं कापायला रात्र गेली, दोन कानशी गेल्या.
तुकडा मी दाराशी ठेवलाय,
वाऱ्याने फळी आपटू नये म्हणून.
कडी नको म्हणाला होतास.
कडं चालतं ना?

हाल्वारचे त्या रात्रीचे सात मग तुझ्या नावावर लिहिलेत.
आठवा माझा.
ये कधीतरी. पैसे नको आणूस,
तुझ्याकडे नसतील, तुझा अवतार ऐकून आहे.
बाह्या वर सारून ये,
मोरीत भांड्यांचा ढीग पडलाय.
दार उघडंच आहे.
दुसरी सोयच ठेवली नाहीस तू.