बारा व्होल्ट

इनासने पडवीच्या खांबाला ट्रान्सफॉर्मर ठोकला,
म्हणाला, "काकी, बाराच व्होल्ट. हात लावा, चावायचा नाही."

चावण्यावरूनच तर सुरू झालं हे सगळं:
भाद्रपदात, विहिरीच्या वाटेवर,
ह्यांच्या टाचेला फुरसं.
वाचले. पण तेव्हापासून संध्याकाळची घागर
रिकामीच राहते.

वायर पुरायला कुदळ मारली
तर वीतभर मातीखाली जांभा.
मग गडग्याच्या कडेकडेने नेली,
माडाच्या मुळांवरून, वर सोडणं टाकली.
प्रत्येक जोडाला ग्रीस चोपडलं,
खारा वारा तांब्याला वर्षभरात हिरवं करतो.

सात दिवे.
दिवेलागणीला बटण दाबलं.
पहिला जास्वंदीखाली लख्ख,
चौथा पन्हळीच्या तोंडाशी, बरा म्हणावा असा,
सातवा, विहिरीजवळचा,
चिमणीची वात कुणी खाली केल्यासारखा.

"लांब पडलं, काकी. वाटेत दाब गळतो.
सोमवारी वेंगुर्ल्यातून जाड वायर आणतो."
मी हो म्हणणारच होते.

पण हे उठले. काठी न घेता.
एक दिवा, दुसरा दिवा,
प्रत्येक पाऊल आधी डोळ्यांनी टाकत
सातव्यापर्यंत गेले
आणि तिथेच उभे राहिले, बराच वेळ.
मग रहाट कुरकुरला.

भरली घागर ओट्यावर टेकवत म्हणाले,
"शेवटचा तसाच असू दे.
विहिरीत चांदण्या दिसतात अजून."

इनासने बिल केलं.
सातव्या दिव्याचे पैसे
अर्धेच लावले त्याने.